मिठातला सोडियम पेट का घेत नाही?

दहावीपर्यंत माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. अकरावी सायन्सच्या पहिल्याच युनिट टेस्टला केमिस्ट्रीत २५ पैकी ६ गुण पडले. अणू, मूलद्रव्य, संयुजा मला चांगलं कळत होतं. तेच ॲटम, एलिमेंट, व्हॅलन्सी झालं की परकं वाटायचं. घाबरून मी सूत्रं पाठ करायला घेतली. कागदावर लिहून भिंतीला चिकटवली, रोज सकाळी म्हणायची. पुढच्या टेस्टला ९ मिळाले. पाठ न केलेलं संयुग आलं की सगळं अडायचं.

गाठ सुटली ती प्रयोगशाळेत. सरांनी रॉकेलच्या बाटलीतून सोडियमचा तुकडा चिमट्याने काढला आणि सुरीने कापला. खव्याच्या वडीसारखा कापला गेला. कापलेला भाग चांदीसारखा चकाकला आणि बघता बघता निस्तेज झाला. त्यातला मुगाच्या दाण्याहून लहान कण पाण्यात टाकला, तर गोळी होऊन चर्र करत पाण्यावर सैरावैरा पळाला आणि संपला. मी विचारलं, “सर, मिठात सोडियमच असतो ना? मग आमटीत मीठ टाकलं की असं का होत नाही?”

सर म्हणाले, “मिठात सोडियमचा अणू नाही, आयन आहे. इलेक्ट्रॉन मोज.”

कक्षेनुसार मोजले. सोडियमचे ११ : २, ८, १. क्लोरिनचे १७ : २, ८, ७. सोडियमचा शेवटचा एक क्लोरिनकडे गेला की सोडियमकडे प्रोटॉन ११ आणि इलेक्ट्रॉन १०, म्हणून प्रभार अधिक १. क्लोरिनवर उणे १. असा प्रभार आलेला अणू म्हणजे आयन. केंद्रक तेच, त्यामुळे नाव सोडियमच. पण एका इलेक्ट्रॉनच्या फरकाने वागणं पार बदललं. पाण्याला द्यायला त्याच्याकडे आता तो सैल इलेक्ट्रॉनच नाही. त्या दिवशी घरी जाऊन मी भिंतीवरचे कागद काढले.

एक गोष्ट मला उशिरा कळली, तुम्हाला आत्ताच सांगते. अणूला शेवटच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन ‘हवे असतात’ ही बोलायची सोय आहे. सोडियमचा इलेक्ट्रॉन काढायला ऊर्जा खर्ची पडते. ती भरून निघते धन आणि ऋण आयन एकमेकांना ओढून स्फटिकात घट्ट बसतात तेव्हा. म्हणून तर मीठ वितळवायला सुमारे ८०० अंश सेल्सिअस लागतात.

साखरेत इलेक्ट्रॉनची देवघेव नाही, भागीदारी आहे. तो सहसंयुज बंध. फरक डोळ्यांनी बघा : ९ व्होल्टची बॅटरी, रेझिस्टर लावलेला छोटा एलईडी, पेन्सिलीची दोन शिसं. कोरड्या मिठात शिसं खुपसली तर दिवा लागत नाही. मिठाच्या पाण्यात लागतो, कारण तिथे आयन हलू शकतात. साखरेच्या पाण्यात लागत नाही. तिथे आयनच नाहीत. (मिठाच्या पाण्यात थोडा क्लोरिन सुटतो. खिडकी उघडी ठेवा, दोन-चार सेकंदांत थांबा.)

अभिक्रियेचं समीकरणही मोजूनच सुटतं. मॅग्नेशियम जळतो तेव्हा तो दोन इलेक्ट्रॉन देतो, ऑक्सिजन दोन घेतो. जोडी एकास एक. हवेतला ऑक्सिजन दोन अणूंच्या रेणूत येतो, म्हणून मॅग्नेशियमचे अणू दोन घ्यायचे. आता मी शिकवते तेव्हा पाहते, मुलं समीकरण जुळवायला सूत्रातला खालचा आकडाच बदलतात. तो आकडा बदलला की पदार्थच बदलतो. पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनच्या खाली २ लिहिलात की ते हायड्रोजन पेरॉक्साइड झालं, जखम धुवायचं औषध. आकडा नेहमी सूत्राच्या आधी लिहायचा.

भाषेचं म्हणाल तर वहीच्या प्रत्येक पानाला उजवीकडे समास सोडा आणि नवा इंग्रजी शब्द आला की तिथे मराठी शब्द लिहा. माझा समास दिवाळीपर्यंत भरत होता. नंतर लिहावं लागलं नाही.