ऑफिसातलं राजकारण घरी येऊ नये म्हणून

चार माणसं आणि एकच प्रमोशन असलं की तिथे राजकारण आलंच. ते बंद पाडणं आपल्या हातात नसतं, पण त्याचा त्रास नेमका कुठून होतो ते शोधता येतं.

कामाच्या ढिगाने माणूस दमतो आणि एक रविवार नीट झोपला की उठतो. पण आपण बनवलेली एक्सेल शीट दुसऱ्याने स्वतःच्या नावावर वर पाठवली किंवा साहेबांचे कान कोणी भरले तेच कळेना, की ती झोपही उडते. कामाचा बोजा जास्त आणि त्यावरचा आपला ताबा कमी, ही जोडी सगळ्यात जास्त ताण देते, असं अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं. राजकारण हा ताबाच काढून घेतं. तो थोडा थोडा परत मिळवायचा, एवढ्यासाठीच पुढची खटपट.

आधी कामाचे दहा दिवस नोंद ठेवा. साधी वही घ्या, चार रकाने पाडा: काय घडलं, समोर कोण होतं, कामाचं काय अडलं, रात्री झोप किती लागली. ताणाला ० ते १० मध्ये आकडा द्या. सीएसएमटीहून सुटलेली गाडी दादरला पोचेपर्यंत पाच मिनिटांत हे लिहून होतं. उभं राहावं लागलं तर स्वतःच्या फोनवर लिहा. ऑफिसच्या लॅपटॉपवर नको. आणि पुरावा म्हणून ऑफिसचे मेल स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका. बहुतेक कंपन्यांत तो नियमभंग धरतात, मग तक्रार बाजूला राहते आणि चौकशी आपलीच होते.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे घटनेऐवजी मत लिहिणं. ‘ती मुद्दाम डावलते’ हे मत झालं. ‘मंगळवारच्या क्लायंट कॉलचं आमंत्रण मला आलं नाही, फाइल माझी होती’ ही नोंद झाली. दहा दिवसांनी वही वाचली की बऱ्याचदा दिसतं, आकडा वर जातो तो दोन-तीन ठरावीक प्रसंगांनीच. तेवढेच हाताळायचे.

श्रेय जात असेल तर बैठक संपली त्याच दिवशी मेल टाका: ‘आज ठरल्याप्रमाणे व्हेंडरचे दर मी गुरुवारी संध्याकाळपर्यंत देते. मंजुरी तुमच्याकडून शुक्रवारी. काही राहिलं असल्यास कळवा.’ तीन ओळी पुरेत. जे बैठकीत होते त्यांनाच पाठवा. साहेबांच्या साहेबांना सीसीत घेतलंत की तो मेल तक्रार म्हणून वाचला जातो.

साहेबांशी बोलायचं तर पंधरा मिनिटं आधी मागून घ्या, सोमवारची सकाळ टाळा. एक प्रसंग, त्याने कामाचं काय झालं आणि एक मागणी, एवढंच बोला. ‘सगळे माझ्याविरुद्ध आहेत’ म्हटलं की साहेब धीर देतात आणि विषय तिथेच संपतो. ‘पुढच्या कॉलला मला घ्या’ म्हटलं की त्यांना हो किंवा नाही म्हणावंच लागतं.

टपरीवर चहाला जरूर जा, माणसं तुटू देऊ नका. कोणी तिसऱ्याबद्दल सुरू केलं तर ‘हे त्यालाच सांग ना’ एवढं पुरतं. मात्र डोंबिवलीपर्यंत सोबत येणाऱ्या सहकाऱ्याशी रोज तेच उगाळणं सोडा. फास्ट गाडी मिळाली तरी तासभर ऑफिस लांबतं. दादर गेलं की विषय बंद, असं दोघांनी ठरवून टाका.

आता समाधानाचं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये दाखवलं की पगार, धोरणं, वरिष्ठांशी संबंध बिघडले की असमाधान वाढतं. पण ते सुधारले म्हणून समाधान येतंच असं नाही, ते कामातून आणि त्याच्या कौतुकातून येतं. म्हणून आठवड्यात एक तरी काम असं मागून घ्या, जे सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुमचं असेल. आम्हाला हा उपाय बाकी सगळ्यांपेक्षा मोलाचा वाटतो, आणि नेमका हाच लोक विसरतात.

लैंगिक छळाला राजकारण म्हणून सोसू नका. २०१३ च्या कायद्यानुसार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करायची. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. लोअर परळचं ऑफिस मुंबई शहर जिल्ह्यात येतं, बीकेसी किंवा अंधेरीचं उपनगर जिल्ह्यात.

झोप दोन आठवडे सलग बिघडली, छातीत धडधडू लागलं, तर डॉक्टरांकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं.

दोन महिन्यांनी पुन्हा दहा दिवसांची नोंद करा. आकडा तसाच असेल तर आधी कंपनीतच दुसऱ्या विभागात जागा आहे का विचारा. तेही जमलं नाही तर नेमणूकपत्रातला नोटीस पिरियड वाचा, पगाराच्या स्लिपा आणि अप्रेझलची पत्रं घरी काढून ठेवा, आणि दुसरीकडचं ऑफर लेटर हातात आल्यावरच राजीनामा द्या.