नापास होऊन वायडी लागली, तरी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरा

कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीचं टेबल माझ्याकडे येऊन तेरा वर्षं झाली. खिडकीशी येणाऱ्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, पैसे कधी येणार?" किती वर्षं येणार, हे कुणी विचारत नाही. विचारतात ते वर्ष वाया गेल्यावर.

म्हणून प्रवेश झाला की वहीच्या शेवटच्या पानावर आपल्या कोर्सची वर्षं एकाखाली एक लिहा. प्रत्येक वर्षापुढे दोन रकाने आखा: फॉर्म भरला का, आणि पुढच्या वर्गात गेलो का. महाडीबीटीवर (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) पहिल्या वर्षी नवा अर्ज असतो, पुढच्या प्रत्येक वर्षी रिन्यूअल. ते आपलं आपण बघायचं, आपोआप होईल असं धरून बसू नका. "मागच्या वर्षी भरलाय ना मॅडम" म्हणत निवांत बसलेली पोरं दर साली चार-पाच तरी निघतातच.

आता नापासाचं. आधी एटीकेटी आणि वायडी यांत गल्लत करू नका. एटीकेटी असेल तर काही विषय राहूनही तुम्ही पुढच्या वर्गात बसता, कोर्स पुढे सरकतो. वायडी म्हणजे तोच वर्ग पुन्हा. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी जी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे (उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख), तिचा नियम असा: एखाद्या वर्गात पहिल्यांदा नापास झालात, तर निर्वाह भत्ता आणि परीक्षा फी मिळते. म्हणजे त्या वर्षीच्या ट्यूशन फीची सोय घरूनच बघावी लागते. त्याच वर्गात दुसऱ्यांदा नापास झालात, तर भत्ताही नाही आणि परीक्षा फीही नाही. पण पुढच्या वर्गात गेलात की शिष्यवृत्ती परत सुरू होते!

हे शेवटचं वाक्य पोरांच्या कानापर्यंत पोचतच नाही. आमच्याकडे मेकॅनिकलचा एक मुलगा होता. दुसऱ्या वर्षाला वायडी लागली. हॉस्टेलवर कुणीतरी सांगितलं, "तुझी स्कॉलरशिप कायमची बंद." त्यानं ते खरं धरलं. तिसऱ्या वर्षात गेला तरी फॉर्म भरला नाही, लाजेनं ऑफिसकडे फिरकलाही नाही. वडील टेम्पो चालवायचे, त्यांनी व्याजानं पैसे काढून फी भरली. चौथ्या वर्षी हॉलतिकिटासाठी आला तेव्हा मला कळलं. चौथ्याचा फॉर्म भरून घेतला, पण तिसऱ्याचे पैसे गेले ते गेलेच. नापास झालात तर आधी ऑफिसात या. आम्ही ओरडू, पण नियम नीट सांगू.

गॅपचं गणित वेगळं. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत (उत्पन्न आठ लाखांच्या आत, कुटुंबातली पहिली दोन अपत्यं) कोर्स चालू असताना दोन किंवा त्याहून जास्त वर्षांचा खंड चालत नाही. पोलीस भरतीसाठी, एमपीएससीसाठी "एक वर्ष सोडतो" म्हणणारे खूप असतात. एक वर्ष ठीक. दुसरं सोडायच्या आधी बसून हिशेब करा. आणि पोर्टलवर चालू कोर्सच्या माहितीत गॅपचा रकाना येतो, तिथे डोळे झाकून शून्य टाकू नका. मार्कशीटवरचं साल आणि तुम्ही भरलेलं साल जुळलं नाही की अर्ज परत येतो. सायबर कॅफेवाला घाईत काहीही भरतो. सबमिट करण्याआधी स्वतः वाचा.

कोर्स बदलताना तर दहादा विचार करा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती एका पायरीवर एकदाच. बी.ए. झाल्यावर बी.कॉम. करायचं असेल तर खुशाल करा, पण त्याला शिष्यवृत्ती नाही. एका विषयात एम.ए. झाल्यावर दुसऱ्या विषयात एम.ए., तेही नाही. व्यावसायिक कोर्स दोनच धरतात. इंजिनिअरिंगनंतर एमबीए बसतं, त्यापुढे तिसरा नाही.

बारावीला बोर्डात वरच्या वीस टक्क्यांत असाल आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, तर केंद्राची एक शिष्यवृत्ती आहे, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. पदवीला वर्षाला १२,००० आणि पदव्युत्तरला २०,००० रुपये, जास्तीत जास्त पाच वर्षं. पण रिन्यूअलला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते, आणि दुसरी शिष्यवृत्ती घेत असाल तर ही मिळत नाही. आमच्याकडची बरीच मुलं हजेरीतच अडकतात.

अर्ज मंजूर झाला म्हणून विसरू नका. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, फॉर्मबरोबर ज्या पासबुकाची झेरॉक्स दिलीत त्यात जातीलच असं नाही. मध्येच कुठे नवं खातं उघडून त्याला आधार जोडलं असेल तर तिथे शोधा. एका मुलीचे पैसे पाच महिने अशाच एका विसरलेल्या खात्यात पडून होते, आणि ती रोज मला विचारायची.

अनुसूचित जातीच्या मुलांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतला केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट खात्यावर येतो. त्यात कॉलेजची फीही असते. ती सात दिवसांच्या आत कॉलेजला भरायची. मेसेज आला की त्याच आठवड्यात खिडकीशी या, पावती घ्या. त्या पैशांचा मोबाईल घेऊन आलेला एक जण मला माहीत आहे. मोबाईल चांगला होता, मार्कशीट मात्र ऑफिसात अडकून राहिली.