हिवाळ्यात शिडाची होडी काढताना नागपूरकरांनी या चुका टाळा

29 डिसेंबर 2018 ला नागपुरात पारा 3.5 अंशांवर उतरला होता. त्याच्या बारा दिवस आधी, 17 डिसेंबरला, ‘फेथाई’ चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर धडकलं होतं. आणि मुंबईच्या बंदरात डिसेंबरातही पाणी 25 अंशांच्या आसपास असतं, शिडाच्या होड्या दुपारच्या वाऱ्यावर आरामात फिरत असतात. महिना एकच, देशही एकच, पण होडीवाल्यासाठी हे तीन वेगळे ऋतू आहेत.

नागपुरात शिडाच्या होडीचा छंद असणारी माणसं मोजकी. कुणी एनसीसीच्या नौदल शाखेत शिकलेलं, कुणी नोकरीनिमित्त मुंबई-हैदराबादला राहून तिथे हात बसलेला. आपल्याकडची बरीचशी चूक एकाच जागी होते: हिवाळा म्हणजे थंडी, असं आपण धरून चालतो. होडीवर आधी बघायचा तो वारा. तो कधी उठतो, कुठून येतो, कधी पडतो, हे प्रदेशागणिक बदलतं.

पहाटे निघणं

उन्हाळ्याची सवय असते. ऊन चढायच्या आत तलाव गाठायचा, दहाला घरी परतायचं. हिवाळ्यात हे उलटं करावं लागतं.

डिसेंबर-जानेवारीत विदर्भाचं आकाश निरभ्र असतं, हवा कोरडी असते. रात्री जमीन भराभर थंड होते आणि तिला चिकटलेला हवेचा थरही थंड, जड होऊन खाली बसतो. त्याच्यावर तुलनेने उबदार हवा असते. ही उबदार हवा झाकणासारखी काम करते: वर वारा वाहत असला तरी तो खाली पोचत नाही. म्हणून सकाळी सातला तलाव आरशासारखा असतो, धूर सरळ वर न जाता आडवा पसरतो आणि पाण्यावर धुकं तरंगत असतं. शीड उभारून तासभर बसलात तरी होडी जागची हलत नाही. शिकाऊ माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. चूक फक्त वेळेची असते.

दहा-साडेदहानंतर जमीन तापते, खालची हवा वर सरकू लागते, झाकण मोडतं आणि वरचा वारा खाली उतरतो. साधारण उत्तर ते पूर्व या पट्ट्यातून तो येतो, झुळुकांनी येतो. पाण्यावर काळपट ठिपका सरकत येताना दिसला की झुळूक आली समजायचं. वरून उतरणारी झुळूक बहुतेक वेळा दिशेने थोडी घड्याळाच्या काट्याप्रमाणे वळलेली असते. उजव्या बाजूने वारा घेत वाऱ्याकडे चढत असाल तर त्या झुळुकेत होडीचं नाक आणखी वर, म्हणजे वारा येतो त्या बाजूकडे, नेता येतं. डाव्या बाजूने घेत असाल तर तेच नाक खाली पडतं आणि दिशा बदलायचा विचार करावा लागतो. तलावावर अनुभवी माणूस पुढे निघून जातो तो बरेचदा एवढ्याच गोष्टीवर.

संध्याकाळी उलट क्रम. डिसेंबरात नागपुरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि वारा त्याच्याही आधी मलूल होतो. म्हणून साडेचारला किनाऱ्याकडे वळा. होडीत वल्हं ठेवाच; वारा पडल्यावर तेच घरी आणतं. हलक्या वाऱ्यात शीड पोट धरत नसेल तर अंगाचा भार वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला सरकवा, म्हणजे होडी जराशी कलते आणि कापड स्वतःच्या वजनाने आकार घेतं. दोर ओढून शीड ताणून धरायचा मोह आवरा. बांधाच्या भिंतीलगत आणि झाडांच्या ओळीखालीही जाऊ नका, तिथे वाऱ्याची सावली असते.

थंडी हवेत मोजणं, पाण्यात नाही

दुपारी 27-28 अंश असतात, लोक शर्टावर असतात, आणि म्हणून होडीवरही सुती कपड्यांवरच चढतात. पण तुम्ही पडणार पाण्यात, आणि पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने ओढून नेतं. शिवाय आपली हिवाळी हवा इतकी कोरडी की ओल्या अंगावर वारा लागताच बाष्पीभवनाने आणखी हुडहुडी भरते. ओली जीन्स आणि सुती स्वेटर अंगात घालून उलटलेल्या होडीवर चढणं किती जड जातं, ते एकदा किनाऱ्याजवळ कमरेएवढ्या पाण्यात करून पाहा. आत लोकरीचं किंवा सिंथेटिक, वर वारा अडवणारं पातळ जॅकेट, आणि त्याच्यावर लाइफ जॅकेट. हा क्रम बदलू नका. लाइफ जॅकेटवर स्वेटर चढवलेली मुलं दिसतात, ती पाहून जीव दडपतो.

पाणी 15 अंशांच्या खाली असेल, जे भोपाळच्या उत्तरेला हिवाळ्यात सहज होतं, तर पडताक्षणी धाप लागते आणि नकळत श्वास आत ओढला जातो. तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर गंभीर प्रसंग येतो. पहिलं मिनिट काहीही करायला जाऊ नका. तरंगत राहा, श्वास ताब्यात येऊ द्या, मग होडीला हात घाला. आणि होडी सोडून किनाऱ्याकडे पोहत निघू नका. किनारा दिसतो त्यापेक्षा लांब असतो, आणि उलटी होडी शोधणाऱ्याला माणसाच्या डोक्यापेक्षा फार लवकर दिसते.

आपल्या तलावांपुरती एक खास अडचण. रब्बीच्या पिकांना पाणी सुटतं तशी सिंचन तलावांची पातळी उतरू लागते. ऑक्टोबरात जिथे खोल पाणी होतं तिथे फेब्रुवारीत खुंट आणि गाळ वर आलेला असतो. होडी उलटली की डोलकाठीचं टोक गाळात रुततं. जोर लावून उभी करायला गेलात तर डोलकाठी वाकेल. आधी शिडाचे सगळे दोर मोकळे सोडा, आणि दुसऱ्या होडीने ती ज्या दिशेने आत गेली त्याच रेषेत हळूच बाहेर ओढून घ्या. मुळात रुतूच नये म्हणून झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन डोलकाठीच्या टोकाला बांधतात. शिकणाऱ्यांच्या होडीवर तर तो हवाच. खुंट कुठे आहेत, जाळी कुठे लावली आहेत, हे त्या तलावावर मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांना विचारा. त्यांच्याइतकी माहिती कुठल्याही नकाशात मिळणार नाही.

ढग आले, ऊब वाटली, म्हणून निश्चिंत होणं

विदर्भातली ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

जानेवारीत एखाद्या रात्री थंडी अचानक पळते. किमान तापमान चार-पाच अंशांनी वर चढतं, पहाटे ढग दिसतात, अंगाला जरा दमट वाटतं. लोक म्हणतात, बरं झालं, आज होडीवर गारठा नाही. प्रत्यक्षात उत्तर भारतावरून पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी हिवाळी पावसाची प्रणाली, सरकत असतो आणि त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून दमट वारे आत येत असतात. सरळ रेषेत मोजलं तर नागपूरला मुंबईपेक्षा विशाखापट्टणम जवळ आहे. त्यामुळे हिवाळ्यातलं आपलं बाष्प बहुधा पूर्वेकडून येतं. कोरडा थंड वारा आणि हे बाष्प मध्य भारतावर भेटले की विजा, वादळी वारा आणि गारपीट. फेब्रुवारी-मार्च 2014 मधल्या गारपिटीने महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांचं काय केलं, ते कुणी विसरलेलं नाही. तलावाच्या मधोमध होडीत बसलेल्या माणसाला तर आडोसाच नसतो, आणि सपाट पाण्यावर सर्वांत उंच वस्तू असते त्याची डोलकाठी.

म्हणून रात्र अनपेक्षितपणे उबदार गेली आणि वारा आग्नेयेकडून येऊ लागला, तर त्या दिवशी आधी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा विदर्भाचा अंदाज पाहा. पिवळा इशारा असेल तर किनारा सोडू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपास पडणाऱ्या विजा दाखवतं, ते फोनवर असू द्या. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत 30 सेकंदांहून कमी वेळ लागला, म्हणजे ती दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा पाण्याबाहेर असायला हवं.

झंझावात पुढे सरकला की आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं आणि उत्तरेचा थंड वारा जोरात सुटतो. होडीसाठी हे दिवस उत्तम, पण शीड कमी करून निघा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: 10 नॉटचा (नॉट हे समुद्रावर वेग मोजायचं एकक) 15 झाला की शिडावरचा दाब सव्वादोन पट होतो. त्यात 10 अंशांची थंड हवा 35 अंशांच्या हवेपेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी जड असते. मे महिन्यात झेपलेला तोच आकडा जानेवारीत जरा जास्तच ओढतो.

मोबाइलवरचा आकडा तसाच उचलणं

जमिनीवरच्या अंदाजात वेग ताशी किलोमीटरमध्ये असतो, समुद्राच्या बुलेटिनमध्ये नॉटमध्ये. एक नॉट म्हणजे 1.852 किलोमीटर. 20 हा आकडा पाहून कशाचे 20 ते बघायला विसरू नका. आणि लोकप्रिय हवामान ॲपमागचं युरोपीय संगणकी मॉडेल साधारण नऊ किलोमीटरच्या चौकोनात विचार करतं; त्या चौकोनात अंबाझरी, फुटाळा आणि मधलं सगळं शहर मावतं. तलावावरचा वारा झाडाच्या शेंड्यावरून आणि पाण्याच्या रंगावरूनच कळतो.

मुंबईला जाताना तलावाची सवय सोबत नेणं

कोकण किनाऱ्यावर हिवाळा हाच होडीचा हंगाम. पावसाळ्यात खवळलेला समुद्र ऑक्टोबरपर्यंत निवळतो आणि मुंबईतले क्लब मेपर्यंत पाण्यावर असतात. तिथली घडी शाळेच्या भूगोलातलीच: पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा, मग दोन-एक तास शांतता, आणि दुपारी समुद्राकडून खारा वारा. खारा वारा पश्चिमेकडून सुरू होऊन दुपारभरात वायव्येकडे झुकतो, चांगल्या दिवशी 10 ते 15 नॉट वाहतो. सकाळच्या मतलईवर शीड लावून बाहेर जायचं आणि मधल्या शांततेत अडकायचं, हे नवख्याच्या बाबतीत हमखास होतं. ती शांतता नागपूरच्या सकाळसारखी निरुपद्रवी नसते, कारण तिथे पाणी स्वतः वाहतं.

तलावावर पाणी उभं असतं, म्हणून भरती-ओहोटीचा विचार आपल्या डोक्यात येतच नाही. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. वारा पडलेला आणि ओहोटी लागलेली असेल, तर होडी मुकाट्याने बाहेर, मोठ्या जहाजांच्या मार्गाकडे ओढली जाते. छोटा नांगर आणि पुरेसा दोर बरोबर असेल तर अशा वेळी उथळ पाण्यात थांबता येतं. दुसरी बाजू म्हणजे वारा एकीकडून आणि प्रवाह दुसरीकडून असला की लाटा आखूड, उभ्या होतात. वारा तितकाच असून होडी आपटायला लागते. तारीख ठरवण्याआधी पंचांगातली तिथी आणि भरतीचं वेळापत्रक दोन्ही पाहा. वीकेंडची सुट्टी आहे म्हणून उधाणाचाच दिवस निवडायची गरज नाही.

डिसेंबर-जानेवारीत मुंबईवर सकाळी दाट धुरकं असतं. जहाज दिसण्याआधी त्याचा भोंगा ऐकू येतो. दृष्टी एक किलोमीटरच्या आत आली असेल तर बंदराच्या मार्गाजवळ जाऊच नका.

इतर तलावांबद्दल थोडक्यात

भोपाळच्या बड्या तालावावर पाणी आणि वारा दोन्ही आपल्यापेक्षा गार, दाट धुक्याचे दिवस जास्त. वेळापत्रक मात्र आपल्यासारखंच. हैदराबादच्या हुसेन सागरावर खरा वारा पावसाळ्यात असतो, मोठ्या शर्यतीही तेव्हाच होतात. हिवाळ्यात तो मवाळ असतो, म्हणून शिकायला उत्तम. नैनितालला डोंगरांमुळे वारा क्षणात दिशा बदलतो, तिथे दोर हातातून सोडूच नका. काश्मीरात 21 डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा चिल्लई कलान, म्हणजे सर्वांत कडाक्याच्या थंडीचा काळ, असतो, दल सरोवराचे काठ गोठतात. होडीचा विचार वसंतात करा.

दिवाळी झाली म्हणजे समुद्र निवला, असं पूर्व किनाऱ्याबद्दल समजणं

अरबी समुद्राबद्दलचं हे गणित बहुतेक वर्षी जुळतं. बंगालच्या उपसागराला ते लावू नका. तमिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबर हाच मुख्य पावसाळा. 12 डिसेंबर 2016 ला ‘वरदा’ चक्रीवादळ चेन्नईवर आलं, 5 डिसेंबर 2023 ला ‘मिचाँग’ बापटलाजवळ किनाऱ्यावर चढलं. 2017 च्या नोव्हेंबरअखेरीस तर ‘ओखी’ कन्याकुमारीला वळसा घालून अरबी समुद्रात शिरलं आणि डिसेंबरात थेट मुंबईपर्यंत पाऊस देऊन गेलं. केरळ-तमिळनाडूचे कितीतरी मच्छीमार त्यात परतले नाहीत. म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरही त्या आठवड्यात ‘हंगाम चांगला’ म्हणणं धोक्याचं होतं.

नागपूरहून चेन्नई किंवा विशाखापट्टणमला होडीसाठी जायचं तर शक्यतो जानेवारीच्या मध्यानंतरची तारीख धरा. तेव्हाही रामेश्वरम आणि पाल्कच्या सामुद्रधुनीत ईशान्येचा वारा दिवसेंदिवस जोरात राहतो, ती जागा नवख्यांची नव्हे. निघण्याच्या आठवडाभर आधीपासून हवामान विभागाचं चक्रीवादळ बुलेटिन आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या समुद्री माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज रोज बघत राहा. उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झालाय असं दिसलं की तिकीट रद्द करायला कचरू नका. वादळ दूर ओडिशाकडे वळलं आणि चेन्नईवर लख्ख ऊन पडलं, तरी त्याच्या लांब लाटा पुढचे दोन-तीन दिवस किनाऱ्यावर येत राहतात. वारा मंद असतो, आकाश निळं असतं, आणि होडी पाण्यात ढकलताना पहिल्याच फुटणाऱ्या लाटेत ती आडवी होते. तो अंदाजातला लाटांचा आकडा एक मीटरच्या खाली येईपर्यंत होडी वाळूवरच ठेवा.