जुन्या मॅकिन्टॉशचा पडदा बिघडलाय? खोलण्याआधी या चुका टाळा

मॅकिन्टॉश प्लस (१९८६), एसई (१९८७), एसई/३० (१९८९), क्लासिक (१९९०). ॲपलच्या या छोट्या यंत्रांत ९ इंची कृष्णधवल पिक्चर ट्यूब, पॉवर सप्लाय आणि मुख्य बोर्ड एकाच पेटीत बसवलेले असतात. पडदा बिघडला की लोक थेट ट्यूब किंवा फ्लायबॅक (ट्यूबला हाय व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर) बदलायला निघतात. माझं आग्रहाचं सांगणं एवढंच, की आधी पडदा वाचा. कोणत्या बोर्डात दोष आहे हे तो बऱ्याचदा स्वतःच सांगतो.

प्लसवर मधोमध एकच उभी रेघ दिसते आणि फ्लायबॅक मागवला जातो. पण रेघ उजळते आहे, म्हणजे ट्यूबला हाय व्होल्टेज मिळतंय आणि फ्लायबॅक काम करतोय. तुटलंय ते योककडे (ट्यूबच्या मानेवरच्या कॉइलकडे) जाणारं आडव्या डिफ्लेक्शनचं, म्हणजे इलेक्ट्रॉनचा बीम आडवा फिरवणारं सर्किट. पडदा चालवणाऱ्या ॲनालॉग बोर्डवरच्या जे-१ कनेक्टरचे सांधे भिंगातून बघा. पिनेभोवती बारीक गोल चीर दिसली, तर तो ड्राय सोल्डर. जुनं सोल्डर काढून नवं घाला. सांधे ठीक असतील, तर सी-१ हा ३.९ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर तपासा. तो नॉन-पोलर (प्लस-मायनस बाजू नसलेला) आहे आणि त्यातून मोठा करंट जातो. त्याच्या जागी साधा पोलर कपॅसिटर लावणं ही नेहमीची चूक आहे. रेघ आडवी असेल, तर उभ्या डिफ्लेक्शनचा भाग शोधा. दोन्ही वेळी यंत्र फार वेळ चालू ठेवू नका; एका जागी पडणारा बीम फॉस्फर (पडद्याच्या आतला उजळणारा थर) जाळतो.

एसई/३० वर आडवे पट्टे पूर्ण पडदाभर पसरले असतील, तर ट्यूब आणि डिफ्लेक्शन धडधाकट आहेत. हाय व्होल्टेजच्या वाटेला जाऊच नका. दोष मुख्य बोर्डात आहे. तिथले छोटे सरफेस माउंट (थेट बोर्डच्या पृष्ठभागावर सोल्डर केलेले) कपॅसिटर गळतात आणि तो द्रव तांब्याच्या वाटा खातो. रॉमची पट्टी (यंत्र सुरू करणारा प्रोग्राम असलेल्या चिपची पट्टी) काढून नीट बसवा, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, पूर्ण सुकवा आणि मगच पुन्हा वीज द्या. कपॅसिटर बदलताना जास्त तापलेला सोल्डरिंग गन दाबून धरला तर पॅड उखडतात. बोर्डवरची लिथियमची बॅटरीही लगेच काढा. ती फुटली तर वाचवण्यासारखं फारसं उरत नाही.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. बंद यंत्रातही ट्यूबच्या ॲनोडवर (रबरी टोपीखालच्या हाय व्होल्टेजच्या टोकावर) हजारो व्होल्टचा चार्ज राहू शकतो. प्लग काढा. जाड इन्सुलेशनच्या चपट्या स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याला क्लिपची वायर लावा आणि वायरचं दुसरं टोक धातूच्या चौकटीला जोडा. एक हात पाठीमागे ठेवून टोक रबरी टोपीखाली सरकवा, धातूला टेकू द्या. काही मिनिटांनी पुन्हा करा, कारण चार्ज थोडा परत येतो. हे होईपर्यंत अँटिस्टॅटिकचा मनगटी पट्टा घालू नका. जमिनीशी (अर्थिंगला) जोडलेल्या शरीरातून शॉक थेट वाहतो. पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरकडेही असंच लक्ष असू द्या. हे जमेल की नाही अशी शंका असेल, तर जुने टीव्ही दुरुस्त करणारे मेकॅनिक गाठा. पिक्चर ट्यूबवर काम केलेल्यांचा हात या कामात बसलेला असतो.

ट्यूबची मान फार नाजूक असते. मागचा छोटा बोर्ड सरळ रेषेत मागे ओढा, हलवत-वाकवत काढू नका. मागचं झाकण काढतानाही ते मानेवर आपटणार नाही हे बघा. मान तुटली की आतली निर्वात पोकळी जाते आणि ट्यूब संपते.

अमेरिकेतून कुणी नातेवाइकांनी आणलेलं यंत्र असेल, तर मागचं लेबल वाचल्याशिवाय आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावू नका. अमेरिकी प्लस ११०-१२० व्होल्टचाच असतो. त्याला पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा.

चित्र आक्रसत असेल किंवा फ्लॉपी फिरताना हलत असेल, तर आधी व्होल्टेज मोजा. मागच्या फ्लॉपी पोर्टवर पिन १ ग्राउंड आणि पिन ६ वर ५ व्होल्ट असतात. मीटरची टोकं शेजारच्या पिनला लागू देऊ नका. आकडा ४.८ च्या खाली असेल, तर आधी सांधे आणि कपॅसिटर बघा, मग ॲनालॉग बोर्डवरचं ॲडजस्टमेंट फिरवा, तेही प्लास्टिकच्या स्क्रू ड्रायव्हरने. रुंदीच्या कॉइलचा फेराइट कोअर धातूच्या चावीने फिरवला, तर तडकतो.