म्यूझस्कोअरमधलं व्हायोलिन खरं वाटण्यासाठी

ठाण्यात आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात मुलं समूहगीत म्हणतात. साथीचा ट्रॅक आम्ही म्यूझस्कोअर या संगीत लिहून वाजवून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नोटेशन लिहून करतो, पण त्यातलं व्हायोलिन खेळण्यातल्या कीबोर्डसारखं वाजतं. त्यावरचा बिनखर्चाचा उपाय असा:

१. म्यूझस्कोअर ४ घ्या. म्यूझ हब हे अ‍ॅप उतरवून त्यातून 'म्यूझ स्ट्रिंग्ज' हा व्हायोलिनसारख्या तंतुवाद्यांचा आवाज-संच घ्या. हे तिन्ही फुकट आहे. फाइल मोठी आहे, हॉटस्पॉटवर नको. घरच्या वायफायवर रात्री लावून ठेवा.

२. म्यूझस्कोअर बंद करून परत उघडा. एफ१० दाबून मिक्सर (प्रत्येक वाद्याचा आवाज निवडायची पट्टी) काढा आणि व्हायोलिनला 'एमएस बेसिक' या मूळच्या आवाजाऐवजी म्यूझ स्ट्रिंग्ज द्या.

३. खरी गंमत इथे आहे. नुसते सूर लिहून भागत नाही, वादक ते कसे वाजवेल तेही लिहावं लागतं. एका गजात चार सूर येणार असतील तर ते चारही निवडून एस दाबा, स्लर (सूर जोडणारी कमान) लागतो आणि सूर जोडून येतात. तुटक हवे असतील तर शिफ्ट-एस. लांब सुरावर सुरुवातीला पी (हळू आवाज), पुढच्या सुराला एफ (मोठा आवाज) आणि मध्ये क्रेशेंडोची, म्हणजे आवाज वाढवत नेण्याची, खूण द्या. तोच एक सूर हळूहळू भरत जातो. मला तरी सगळ्यात मोठा फरक इथेच जाणवतो.

तबला-ढोलकी मात्र माणसानेच वाजवावी.

एक काळजी घ्या: हॉलमधल्या लॅपटॉपवर हे आवाज नसतील तर तिथे जुनाच आवाज येईल. म्हणून ट्रॅक घरीच डब्ल्यूएव्ही या ऑडिओ फाइलमध्ये एक्स्पोर्ट करून पेनड्राइव्हवर न्या.