पोलादी छर्रे झाडल्यावर शॉटगन कशी साफ करावी

पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे अमेरिकेने १९९१ पासून देशभर बंद केले. डेन्मार्कने १९९६ मध्ये सगळ्याच शिकारीत. शिशाऐवजी आता बहुतेक वेळा पोलादी छर्रे वापरतात. नळीला शिसे चिकटत नाही, म्हणून साफसफाई कमी लागेल असा समज होतो. तो चुकीचा आहे. कठीण छर्ऱ्यांनी नळीला ओरखडे पडू नयेत म्हणून ते जाड प्लॅस्टिकच्या पेल्यात, म्हणजे वॅडमध्ये, भरलेले असतात. त्या वॅडचे प्लॅस्टिक घासले जाऊन नळीला चिकटते, त्याखाली ओल अडकते आणि तिथेच गंज धरतो.

आधी बंदूक उघडून चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती जागा, रिकामे आहे हे डोळ्यांनी पाहा. सेमी-ऑटोमॅटिक असेल तर जादा काडतुसे राहतात ती मॅगझिनची नळीही तपासा. मग नळी सोडवा. खाऱ्या पाण्याजवळ गेला असाल तर बाहेरून गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करा, कारण तेलाने मीठ निघत नाही.

नळीत सॉल्व्हंट, म्हणजे मळ सैल करणारे द्रावण, लावून १०-१५ मिनिटे थांबा. फॉस्फर-ब्राँझचा ब्रश चेंबरच्या बाजूने घाला आणि तोंडातून पूर्ण बाहेर काढूनच मागे ओढा. मध्येच उलटा फिरवला तर तारा वाकतात. आठ-दहा फेऱ्यांनंतर कोरड्या चिंध्या फिरवा. आता नळी उजेडाकडे धरा. चेंबरच्या लगेच पुढे आणि चोकच्या, म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेल्या अरुंद भागाच्या, अलीकडे मळकट, लांबट पट्टे दिसले तर ते प्लॅस्टिक आहे. जुन्या ब्रशवर चार शून्यांची बारीक स्टील वूल गुंडाळून, तेल लावून तेवढाच भाग घासा.

उजेडातच आणखी एक गोष्ट बघायची. आतल्या प्रतिबिंबाची वर्तुळे सुबक हवीत. एखादे काळपट कडे उठून दिसले तर नळी फुगली असण्याची शंका घ्या, बाहेरून बोट फिरवून पाहा आणि बंदूक कारागिराला दाखवल्याशिवाय पुढची गोळी झाडू नका. पोलादी छर्रे वापरताना दोष घट्ट चोकचा असू शकतो. युरोपातल्या नियमांप्रमाणे ४ मिलिमीटरहून मोठे पोलादी छर्रे हाफ (मध्यम अरुंद) किंवा त्याहून मोकळ्या चोकमधूनच झाडायचे.

चोक आट्यांनी बसवलेला, बदलता असेल तर तो दर वेळी काढाच. पोलादी छर्ऱ्यांच्या माऱ्याने तो किंचित फुगतो, वर काजळी बसली की आट्यांत अडकतो. आटे नायलॉनच्या ब्रशने घासा, चोक-ग्रीस अगदी पातळ लावा, हाताने बसवून किल्लीने हलकेच आवळा. अडकलाच तर फटीत झिरपणारे भेदक तेल सोडून रात्रभर ठेवा; पाना लावून जोर केलात तर नळीचे आटेच जातात.

शेवटी आतून-बाहेरून तेलाचा पुसट थर द्या. तेल लाकडी दस्त्यात मुरू नये म्हणून सुरुवातीचे काही तास बंदूक तोंड खाली करून ठेवा. पुढच्या वेळी झाडण्याआधी नळीतून एक कोरडी चिंधी फिरवा. भिजलेली काडतुसे मात्र वाळवून पुन्हा वापरू नका: आतले छर्रे गंजून एकमेकांना चिकटतात आणि गोळा होऊन बाहेर पडतात.