फोटो ४ एमबीचा, मग मेमरी संपली कशी? पीएचपीत या चुका टाळा

'अलाउड मेमरी साइझ ऑफ १३४२१७७२८ बाइट्स एक्झॉस्टेड.' एरर लॉगमधल्या या ओळीतला लांबलचक आकडा म्हणजे १२८ एमबी, पीएचपीची डीफॉल्ट मेमरी मर्यादा. अपलोड केलेला फोटो मात्र जेमतेम ४ एमबीचा असतो. मग आपण सर्व्हरला नावं ठेवतो, होस्टिंगवाल्याला फोन लावतो.

दोष बहुधा दोघांचाही नसतो. फाइलच्या आकारावरून मेमरीचा अंदाज बांधणं ही इथली सगळ्यात महागात पडणारी चूक. जेपेगमध्ये चित्र दाबून भरलेलं असतं. जीडी, म्हणजे पीएचपीची चित्रं हाताळणारी लायब्ररी, ते उघडते तेव्हा दर पिक्सेलला ४ बाइट लागतात, डिस्कवर फाइल कितीही छोटी असो. ४०००×३००० चा फोटो म्हणजे १.२ कोटी पिक्सेल, साधारण ४६ एमबी. ८०००×६००० चा, म्हणजे ४८ मेगापिक्सेलचा, असेल तर १८३ एमबी. तो १२८ मध्ये मावणारच नाही, कोड कितीही नेटका लिहा.

टेस्टिंगमध्ये हे सापडत नाही, कारण टेस्टसाठी आपण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो वापरतो आणि ते पाठवतानाच आकसलेले असतात. क्लायंट थेट फोनच्या गॅलरीतून अपलोड करतो आणि पान पांढरं पडतं. टेस्टच्या फोल्डरमध्ये कॅमेऱ्यातून जसाच्या तसा काढलेला एक तरी फोटो ठेवा.

उपाय सोपा आहे: उघडण्याआधी मोजा. गेटइमेजसाइझ() चित्र उलगडत नाही, फक्त हेडर वाचून लांबी-रुंदी सांगते. दोन्हींचा गुणाकार करा, ४ ने गुणा, लहान करून बनणाऱ्या नव्या चित्राची मेमरी मिळवा, वर थोडी ढील ठेवा. बेरीज मर्यादेबाहेर गेली तर 'फोटो फार मोठा आहे' असं वापरणाऱ्याला स्पष्ट सांगून तिथेच थांबा. ट्राय-कॅचच्या भरवशावर राहू नका, हा फेटल एरर त्यात अडकत नाही.

बरेच जण यातलं काही न करता मेमरी_लिमिट उणे १ करून, म्हणजे मर्यादाच काढून, मोकळे होतात. एकट्याने टेस्ट करताना ते चालतंही. पण २ जीबीच्या व्हीपीएसवर (भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर) एफपीएमचे दहा वर्कर, म्हणजे रिक्वेस्ट हाताळणाऱ्या पीएचपीच्या दहा प्रोसेस, एकाच वेळी मोठे फोटो उलगडायला लागले की मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणारा लिनक्सचा ओओएम किलर जागा होतो, आणि तो पीएचपीऐवजी मायएसक्यूएललाही उचलू शकतो. मर्यादा वाढवायचीच तर वर्करच्या संख्येने गुणून पाहा, नाहीतर रिसाइझचं काम रांगेत टाकून एका वेळी एकच चालवा. आणि '२५६एमबी' लिहू नका, नुसतं '२५६एम' लिहा. शेवटचं अक्षर बी असेल तर पीएचपी ते २५६ बाइट असं वाचतो.

आता क्रम. फोनने उभे काढलेले फोटो एक्झिफ (फोटोतच साठवलेली दिशेची वगैरे माहिती) पाहून फिरवावे लागतात, आणि बहुतेक जण आधी फिरवतात, मग लहान करतात. इमेजरोटेट() नवं चित्र बनवते, म्हणजे ४६ एमबीचे ९२ झाले. आधी लहान करा, मूळ चित्र अनसेट करून मेमरीतून काढा, मग फिरवा. लूपमध्ये हीच गफलत लपून बसते: त्याच व्हेरिएबलमध्ये पुढचा फोटो उघडला तरी तो पूर्ण उघडेपर्यंत जुना मेमरीतच असतो. त्यामुळे प्रत्येक फेरीच्या शेवटी अनसेट हवं. इमेजडिस्ट्रॉय()चा पीएचपी ८ पासून काहीच परिणाम होत नाही, जुन्या ट्युटोरियलमध्ये ती अजून दिसते एवढंच.

एरर मेमरीचा आहे ना, हेही एकदा बघून घ्या. पोस्ट_मॅक्स_साइझ डीफॉल्ट ८ एमबी असते. त्याहून मोठी रिक्वेस्ट आली की फाइल्सचा अ‍ॅरे रिकामाच हाती येतो. तिथे मेमरी वाढवून काय होणार?

'माझ्या उबुंटूवर चालतं, सर्व्हरवर नाही' याचंही एक कारण इथे सापडतं. पीएचपीसोबत येणारी बंडल्ड जीडी आपली मेमरी मर्यादेत मोजते. डेबियन-उबुंटूच्या पॅकेजमधली जीडी सिस्टीमच्या लायब्ररीवर चालते आणि ती मोजली जात नाही. जीडी_इन्फो()मध्ये 'बंडल्ड' शब्द आहे का ते पाहा.

जीडी सोडून इमॅजिक या दुसऱ्या चित्र-लायब्ररीवर गेलात तर तिची मेमरीही पीएचपीच्या हिशेबात येत नाही. तिच्या मर्यादा पॉलिसी.एक्सएमएलमध्ये असतात, आणि त्या ओलांडल्या की ती डिस्क वापरू लागते, मग सगळं रांगतं. जेपेगसाठी मात्र तिच्यात एक छान सोय आहे. सेटऑप्शन()ने 'जेपेग:साइझ' दिलं की फोटो मेमरीत येतानाच निम्मा, पाव किंवा एक अष्टमांश लांबी-रुंदीचा होऊन येतो. हा ऑप्शन रीडइमेज()च्या आधी द्यायचा. न्यू इमॅजिकला थेट फाइलचा पाथ दिलात तर फोटो त्याच ओळीत पूर्ण वाचला जातो, नंतर दिलेल्या ऑप्शनचा काही उपयोग नाही.